तुमच्या फोनचं ‘पान’ चौपट मोठं होतंय. त्यात जुनी ॲप्स का अडखळतात?

मामाची पावसजवळ हापूसची कलमं आहेत. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी त्याच्यासाठी एक छोटं बिलिंग ॲप केलं होतं. पेट्या किती, डझन किती, दर काय, हमाली आणि गाडीभाडं किती एवढं भरायचं, की ब्लूटूथच्या छोट्या थर्मल प्रिंटरवर मराठीत पावती निघते. पुढे त्याच्या ओळखीच्या काही बागायतदारांनीही ते घेतलं. म्हणून मी ते प्ले स्टोअरवर टाकलं आणि जवळपास विसरून गेले.

२०२५ मध्ये प्ले कन्सोलवर त्या ॲपसमोर एक इशारा दिसायला लागला. तुमचं ॲप १६ केबी मेमरी पेजला सपोर्ट करत नाही, १ नोव्हेंबरनंतर अपडेट स्वीकारलं जाणार नाही. मी हे मामाला सांगितलं. त्याने एकच प्रश्न विचारला, “काय गो, आंब्याच्या टायमाला बंद नाय ना पडायचं?”

प्रश्न साधा होता, पण त्याचं उत्तर शोधत मी थेट लिनक्स कर्नलपर्यंत पोचले. तुमच्या फोनमध्ये येऊ घातलेला हा बदल काय आहे, त्यातून तुम्हाला काय मिळणार आणि त्याची किंमत कोण मोजणार, हे या लेखात बघू. कोडिंग येत नसलं तरी चालेल. रेल्वेचं तिकीट काढता येत असलं की पुरे.

नेमकं बदललंय काय?

फोनची रॅम म्हणजे एक लांबलचक वही समजा. ऑपरेटिंग सिस्टिम ही वही एकेका बाइटने वाटत नाही, पानांनी वाटते. या पानालाच ‘पेज’ म्हणतात. अँड्रॉइडमध्ये हे पान सुरुवातीपासून ४ केबीचं, म्हणजे ४,०९६ बाइटचं होतं. २०२४ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १५ पासून १६ केबीच्या, म्हणजे १६,३८४ बाइटच्या पानावर चालणारे फोनही बनवता येतात.

त्यापाठोपाठ गुगलने नियम केला. १ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ किंवा त्यापुढच्या आवृत्तीला टार्गेट करणारं नवं ॲप किंवा जुन्या ॲपचं अपडेट प्ले स्टोअरवर टाकायचं असेल, तर ते ६४ बिटच्या फोनवर १६ केबीच्या पानासोबत चाललंच पाहिजे. टार्गेट जुनं ठेवून सुटावं म्हटलं, तर ती पळवाटही बंद होती. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नवी ॲप्स आणि अपडेट यांना अँड्रॉइड १५ टार्गेट करणं आधीच सक्तीचं झालं होतं.

पान मोठं झालं तर ॲपला काय त्रास? उलट जागा जास्तच मिळाली ना? गोम आहे ती ‘अलाइनमेंट’ या शब्दात.

अलाइनमेंट: डब्यातल्या आठ बर्थचा हिशोब

गणपतीला मुंबईहून रत्नागिरीला येणारं आठ जणांचं कुटुंब डोळ्यासमोर आणा. स्लीपरच्या डब्यात एका कंपार्टमेंटमध्ये साइडचे दोन धरून आठ बर्थ असतात. १ ते ८ पहिलं कंपार्टमेंट, ९ ते १६ दुसरं, १७ ते २४ तिसरं.

कुटुंबाला ९ ते १६ मिळाले, तर सगळे एकत्र. डब्याची पिशवी एकदा उघडली की सगळ्यांचं जेवण होतं. १३ ते २० मिळाले, तर चार जण एका कंपार्टमेंटमध्ये आणि चार पलीकडच्या. बर्थ आठच आहेत, सलग आहेत, एकही कमी नाही. तरी आजी इकडे आणि तिची औषधं तिकडे.

फरक फक्त सुरुवात कुठून झाली याचा आहे. आठ जणांचं बुकिंग नेहमी १, ९, १७, २५ अशाच नंबरपासून सुरू व्हावं, हा नियम म्हणजे अलाइनमेंट. रेल्वे अशी हमी देत नाही, हे आपण सगळेच जाणतो. मेमरीत मात्र अशी हमी लागते.

कॉम्प्युटरमध्ये नंबर शून्यापासून सुरू होतात, म्हणून हिशोब आणखी सोपा. ८ बाइटची वस्तू ८ ने भाग जाणाऱ्या पत्त्यावर ठेवायची, ५१२ बाइटची ५१२ ने भाग जाणाऱ्या पत्त्यावर. वस्तूचा आकार दोनाच्या घातातला, म्हणजे २, ४, ८, १६ असा, आणि पत्त्याला त्याच आकाराने भाग जातो, याला ‘नॅचरल अलाइनमेंट’ म्हणतात.

प्रोसेसरला याची गरज का पडते? कारण तो रॅममधून एकेक बाइट उचलत नाही, अख्खं कंपार्टमेंट उचलतो. आजच्या बहुतेक फोनमध्ये हे कंपार्टमेंट ६४ बाइटचं असतं. त्याला कॅश लाइन म्हणतात. वस्तू दोन कॅश लाइनमध्ये विभागली गेली तर दोन खेपा होतात. काही सूचना तर अलाइनमेंट चुकलेली असेल तर चालतच नाहीत, प्रोग्रॅम जागेवर बंद पडतो.

कर्नलच्या पोटातली न लिहिलेली सवय

अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स कर्नल आहे. कर्नलमध्ये मेमरी वाटणारे दोन व्यापारी बसलेले असतात असं समजा. ‘बडी’ अलोकेटर हा घाऊक व्यापारी, तो अख्खी पानं देतो. ‘स्लब’ हा किरकोळ व्यापारी. तो घाऊक पान घेतो, त्याचे सारखे तुकडे पाडतो आणि मागेल त्याला एकेक देतो. तुकड्यांची मापं ठरलेली असतात. १०० बाइट मागितले तर १२८ चा तुकडा मिळतो. कर्नलमधला कोड ज्या खिडकीवर हे मागतो तिचं नाव ‘केमॅलॉक’.

आता एक गंमत बघा. पान ४,०९६ ने भाग जाणाऱ्या पत्त्यावर सुरू होतं. त्याचे सुरुवातीपासून ५१२ चे तुकडे पाडले, तर प्रत्येक तुकडा ५१२ ने भाग जाणाऱ्या पत्त्यावर आपोआप येतो. कुणी तसं ठरवलेलं नव्हतं, कुणी लिहून दिलेलं नव्हतं. पण वर्षानुवर्षं तसंच होत आलं आणि कर्नलमधला बराच कोड ते गृहीत धरून लिहिला गेला. त्यातल्या कित्येक प्रोग्रॅमरना आपण काही गृहीत धरतोय, हेसुद्धा माहीत नव्हतं.

मग दोन ठिकाणी हे मोडलं. पहिलं ठिकाण ‘स्लॉब’. अगदी छोट्या उपकरणांसाठीचा हा अलोकेटर जागा वाचवण्यासाठी तुकडे मिळेल तिथे ठेवायचा. दुसरं ठिकाण जास्त विचित्र. स्लबमध्ये मेमरीतल्या चुका पकडण्यासाठी एक डीबग मोड आहे. तो चालू केला की प्रत्येक तुकड्याच्या आजूबाजूला राखणदार बाइट ठेवले जातात. त्यामुळे तुकडे सरकतात आणि ५१२ चा तुकडा ५१२ च्या पटीत राहत नाही.

एक्सएफएस नावाची फाइल सिस्टिम अशा तुकड्यांमध्ये डेटा ठेवून तो डिस्कच्या ड्रायव्हरकडे पाठवायची. काही ड्रायव्हर ५१२ बाइटचा सेक्टर सरळच ठेवलेला असणार, असं धरून चालायचे. तुकडा सरकलेला असला की डेटा भलतीकडेच जायचा. म्हणजे चुका शोधायचं यंत्र चालू केलं आणि चूक तिथेच जन्माला आली!

२०१९ मध्ये कर्नलच्या लोकांमध्ये यावर बराच वाद झाला. एका बाजूचं म्हणणं असं, की ज्याला अलाइनमेंट हवी त्याने ती तोंडाने मागावी. फुकट मिळत होती म्हणून ती हक्काची होत नाही. दुसरी बाजू म्हणत होती, की मागायला हवं हे ज्याला माहीतच नाही, तो मागणार कसा? असा कोड लाखो ओळींमध्ये कुठे कुठे लपलाय हे शोधणार कोण?

शेवटी दुसरी बाजू जिंकली. व्लास्टिमिल बाबका या कर्नल डेव्हलपरने केलेला बदल नोव्हेंबर २०१९ च्या लिनक्स ५.४ मध्ये आला. तेव्हापासून केमॅलॉककडे दोनाच्या घातातला आकार मागितला, की तुकडा किमान त्याच आकाराने भाग जाणाऱ्या पत्त्यावर मिळणार, डीबग मोड चालू असो वा नसो. सवय होती, ती कागदावर आली. तिची हमी झाली.

ही हमी पुढे वाढलीही. कर्नलमध्ये आता रस्ट या नव्या भाषेतला कोडही येतोय. या भाषेला अलाइनमेंट आधीच पक्की माहीत असावी लागते. आकार ९६ सारखा, दोनाच्या घातात न बसणारा असेल तर काय? जुन्या हमीत याचं उत्तर नव्हतं, म्हणून रस्टचा कोड जास्तीची जागा मागून वेळ निभावायचा. २०२४ च्या लिनक्स ६.११ मध्ये नियम ठरला, की आकाराला भाग जाणारा दोनाचा सगळ्यात मोठा घात, तेवढी अलाइनमेंट नक्की. ९६ ला ३२ ने भाग जातो, ६४ ने जात नाही, म्हणजे ३२ ची हमी. जास्तीची जागा मागायची गरज संपली.

हमी फुकट नसते

हमी एवढी चांगली असेल तर सगळ्याचीच का देत नाहीत? कारण तिची किंमत रॅममध्ये मोजावी लागते. तुमच्या फोनमधलंच उदाहरण देते.

कॅमेरा, वाय-फाय, स्टोरेज यांच्या चिप प्रोसेसरला मध्ये न घेता थेट रॅममध्ये लिहितात. याला डीएमए म्हणतात. समजा एकाच कॅश लाइनमध्ये अर्धा भाग वाय-फायचा आणि अर्धा कर्नलच्या दुसऱ्या कुठल्या हिशोबाचा आहे. प्रोसेसरने त्या अख्ख्या लाइनची झेरॉक्स आपल्याकडे काढून ठेवली. तेवढ्यात वाय-फायने मूळ कागदावर नवा डेटा लिहिला. मग प्रोसेसरने आपल्या झेरॉक्सवर दुरुस्ती केली आणि ती मूळ कागदावर उतरवली. वाय-फायचा नवा डेटा गेला!

हे टाळायचं तर कॅश लाइनमध्ये भागीदार नको. म्हणून ६४ बिटच्या एआरएम कर्नलने केमॅलॉकचा सगळ्यात लहान तुकडा १२८ बाइटचाच ठेवला होता. एकच कर्नल सगळ्या चिपवर चालावा लागतो आणि काही चिपची कॅश लाइन १२८ ची असते. बहुतेक फोनची ६४ ची असली, तरी नियम सगळ्यात मोठ्या पायाच्या मापाचा. ८ बाइट मागितले तरी १२८ जायचे. कर्नल असे छोटे तुकडे प्रचंड संख्येने मागतो.

एआरएम कंपनीच्या कॅटालिन मरिनास यांच्या कामामुळे २०२३ च्या लिनक्स ६.५ पासून हे सुधारलं. आता शक्य तिथे लहान तुकडे मिळतात. डीएमएसाठी तुकडा फारच लहान पडला, तर डेटा आधी एका सुरक्षित जागेत उतरवून मग नेला जातो. म्हणजे सुरक्षा तीच राहिली आणि रॅम वाचली.

४ केबी आलं कुठून, १६ केबी हवं कशाला?

४ केबीचं पान खूप जुनं आहे. इंटेलच्या १९८५ च्या ८०३८६ प्रोसेसरमध्ये ते होतं. २००८ चा पहिला अँड्रॉइड फोन, एचटीसी ड्रीम, याची रॅम १९२ एमबी होती. तेव्हा छोटं पानच शहाणपणाचं होतं.

आज ८ जीबीच्या फोनचा हिशोब करा. ४ केबीने भागलं तर २०,९७,१५२ पानं होतात. कर्नल प्रत्येक पानाची नोंद ठेवतो आणि ६४ बिटच्या लिनक्समध्ये एका नोंदीला साधारण ६४ बाइट लागतात. म्हणजे नुसत्या नोंदवहीला १२८ एमबी. पान १६ केबीचं केलं तर पानं ५,२४,२८८ आणि नोंदवही ३२ एमबी.

दुसरा फायदा वेगाचा. ॲपला दिसणारा पत्ता आणि रॅममधला खरा पत्ता वेगळे असतात. कुठलं पान कुठे आहे, याची एक छोटी यादी प्रोसेसर हाताशी ठेवतो. तिचं नाव टीएलबी. यादीत समजा १,००० ओळी मावतात. ४ केबीच्या पानांनी त्यातून साधारण ४ एमबी मेमरीचे पत्ते हाताशी राहतात, १६ केबीच्या पानांनी तेवढ्याच ओळींत १६ एमबीचे. यादीत नाही म्हणून शोधाशोध करायची वेळ कमी येते.

गुगलने आपल्या चाचण्यांचे आकडे दिलेत. मेमरीचा ताण असताना ॲप उघडायचा वेळ सरासरी ३.१६ टक्क्यांनी कमी झाला, काही ॲप्सचा ३० टक्क्यांपर्यंत. ॲप उघडतानाचा बॅटरीचा वापर सरासरी ४.५६ टक्क्यांनी घटला. कॅमेरा पहिल्यांदा उघडताना ६.६ टक्के लवकर सुरू झाला. पण याच गुगलने असंही सांगितलंय, की एकूण ५ ते १० टक्के वेगाच्या बदल्यात मेमरी सुमारे ९ टक्के जास्त लागते.

ही ९ टक्के जाते कुठे? आंब्याच्या पेटीत बघा. सहा डझनाच्या पेटीत चारच डझन आंबे भरले, तरी टेम्पोत जागा सहा डझनाच्या पेटीचीच लागते. मेमरीतही शेवटचं पान क्वचितच पूर्ण भरतं. ४ केबीच्या पानात सरासरी २ केबी वाया जातात, १६ च्या पानात ८ केबी. अशी अर्धवट भरलेली पानं फोनमध्ये हजारो असतात. १२ जीबीच्या फोनला हे जाणवणार नाही, ४ जीबीच्या फोनला बोचेल.

गुगलने हा शोध पहिल्यांदा लावलाय असंही नाही. आयफोनमध्ये १६ केबीचं पान कित्येक वर्षांपासून आहे. २०२० च्या एम-१ चिपपासून ॲपलच्या लॅपटॉपमध्येही आहे. २०२३ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ५ वर डीफॉल्ट कर्नल १६ केबीचा आला आणि तिथेही ४ केबी गृहीत धरणारे काही जुने प्रोग्रॅम बंद पडले होते.

मग ॲप मोडतं कुठे?

ज्या ॲप्समध्ये फक्त जावा किंवा कोटलिनचा कोड आहे, त्यांना काही करावं लागत नाही. अडचण येते ती सी किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेल्या, डॉट एसओ नावाने संपणाऱ्या फाइल असतात तिथे. गेम, व्हिडिओ एडिटर, फोटोचे फिल्टर, स्कॅनर यांच्यात त्या हमखास सापडतात.

अशा फाइलमध्ये वेगवेगळे भाग असतात. एक कोडचा, तो फक्त वाचायचा आणि चालवायचा. एक डेटाचा, त्यात लिहिता येतं. कोडवर कुणी लिहू नये म्हणून कर्नल परवानग्या देतो आणि परवानगी ही अख्ख्या पानाला असते, अर्ध्या पानाला नाही. त्यामुळे प्रत्येक भाग नव्या पानावर सुरू व्हावा लागतो. ४ केबी धरून बनवलेल्या फाइलमध्ये हे भाग ४,०९६ च्या पटीत मांडलेले असतात. पान १६,३८४ चं झालं की कोड आणि डेटा एकाच पानावर येतात. आता त्या पानाला कुठली परवानगी द्यायची? सिस्टिम फाइल उघडायला नकार देते आणि ॲप सुरू होतानाच बंद पडतं.

दुसरा प्रकार म्हणजे कोडमध्येच ४०९६ हा आकडा लिहून ठेवणं. पान केवढं आहे हे कर्नलला विचारायची सोय पहिल्यापासून आहे. पण उत्तर कायम ४०९६ च यायचं, मग विचारायचं कशाला?

पान कायम ४ केबीचंच राहील, असं कुणीही कधीही लिहून दिलं नव्हतं. एआरएमच्या ६४ बिट प्रोसेसरच्या आराखड्यातच ४, १६ आणि ६४ केबी अशी तीन मापं आहेत. केमॅलॉकचीच गोष्ट इथे पुन्हा घडली. फुकट मिळणारी सवय आपण हमी समजून बसलो. फरक इतकाच, की कर्नलने सवयीची हमी केली आणि अँड्रॉइडने नोटीस देऊन सवय मोडली.

माझ्या ॲपचं काय झालं

माझ्या ॲपमधली डॉट एसओ फाइल प्रिंटरवाल्यांनी दिलेली होती. मराठी मजकुराचं चित्र करून ती प्रिंटरला पाठवायची. अँड्रॉइड स्टुडिओमध्ये ॲप उघडून बघितलं तर त्या फाइलची अलाइनमेंट दोनाचा बारावा घात, म्हणजे ४,०९६. हवी होती दोनाचा चौदावा घात, म्हणजे १६,३८४.

सोर्स कोड हातात असता तर काम दहा मिनिटांचं होतं. नवी टूल्स घ्यायची, पुन्हा बिल्ड करायचं, झालं. एनडीके आर-२८ पासून तर १६ केबी हेच डीफॉल्ट आहे. पण सोर्स माझ्याकडे नव्हता. प्रिंटरवाल्यांना दोन मेल केले, उत्तर आलं नाही. एका रात्री फाइलमधला ४,०९६ चा आकडा हाताने १६,३८४ करून पाहिला. एमुलेटरवर ॲप लगेच आडवं झालं. साहजिक आहे, आकडा बदलला म्हणून आतले पत्ते थोडेच सरकतात? डब्यावरची पाटी बदलल्याने बर्थ हलत नाहीत.

शेवटी ती फाइलच काढून टाकली. मराठी पावती अँड्रॉइडच्याच कॅनव्हासवर काढायची, काळं-पांढरं चित्र करायचं आणि बाइट थेट ब्लूटूथवर पाठवायचे, असं सगळं कोटलिनमध्ये लिहिलं. पहिली पावती निघाली ती तिरपी. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा थोडी सरकलेली, अक्षरं पावसात भिजल्यासारखी. तासभर डोकं खाजवल्यावर कळलं, की मी चित्राची रुंदी ३८० ठिपके धरली होती. प्रिंटर एका बाइटमध्ये ८ ठिपके घेतो आणि ३८० ला ८ ने भाग जात नाही. प्रत्येक ओळीला अर्धा बाइट उरत होता आणि तो पुढच्या ओळीला ढकलत होता. रुंदी ३८४ केली, बरोबर ४८ बाइट, आणि पावती सरळ झाली. अलाइनमेंटच्या चुकीतून सुटायला निघाले होते, मध्ये दुसरी अलाइनमेंट आडवी आली!

चार-पाच रात्री गेल्या. अपडेट गेलं. ‘हापूस’ आणि ‘रत्नागिरी’ आता आधीपेक्षा नीट छापलं जातं, हा बोनस.

किंमत कोण मोजतंय?

मोठ्या कंपन्यांना हा बदल जड नाही. त्यांच्याकडे सोर्स आहे, टीम आहे, वेळ आहे. फ्लटर, रिॲक्ट नेटिव्ह आणि युनिटी यांनीही आपापल्या नव्या आवृत्त्यांत सोय केलीय. अडकतात ते दुसरेच. कुणीतरी हौसेने केलेलं पंचांगाचं किंवा भरती-ओहोटीचं ॲप, कॉलेजच्या प्रोजेक्टमधून निघालेलं एखादं मराठी कीबोर्ड, दुकानदाराने एकदाच पैसे देऊन करून घेतलेलं हिशोबाचं ॲप. करणारा आता दुसऱ्या नोकरीत आहे, त्यातली एखादी लायब्ररी बनवणारी कंपनी बंद झालीय, सोर्स कुणाच्या तरी जुन्या लॅपटॉपवर होता.

माझं मत विचाराल तर बदल योग्य आहे. ४ केबीची हमी देऊन टाकली असती, तर पुढची वीस वर्षं मोठ्या रॅमचे फोन छोट्या पानांत अडकले असते. कर्नलने २०१९ मध्ये हमी दिली, कारण तिचा खर्च जवळपास काहीच नव्हता. इथे खर्च मोठा होता, म्हणून इथे हमी न देणंच बरोबर. पण बरोबर निर्णयाचं बिलही कुणालातरी येतंच. यावेळी ते अशांना आलं, ज्यांना आपण कशावर विसंबून आहोत हेच कुणी सांगितलं नव्हतं. सोर्स नसलेली फाइल ॲपमध्ये घेणं म्हणजे उधारीवर माल घेणं, हे मी या निमित्ताने शिकले.

तुम्ही काय करायचं?

पहिली गोष्ट, घाबरू नका. तुमचा सध्याचा फोन ४ केबीवर चालत असेल तर तो तसाच चालत राहील. अँड्रॉइड दोन्ही मापांना सपोर्ट करतं, त्यामुळे ‘नोव्हेंबरनंतर जुने फोन बंद’ असे मेसेज फॉरवर्ड करू नका. आधीपासून इन्स्टॉल असलेलं ॲपही या नियमामुळे उडत नाही. त्याला नवं अपडेट मिळणं अडतं.

दुसरी गोष्ट, पुढे १६ केबीचा फोन घेतलात आणि जुनं ॲप टाकलंत, तर अँड्रॉइड १६ मध्ये त्यासाठी एक जुळवून घेणारा मोड आहे. तो ॲप चालवायचा प्रयत्न करतो आणि तशी सूचना दाखवतो. ती सूचना दिसली तर ॲपवाल्याला कळवा. शिव्या देऊ नका, स्क्रीनशॉट द्या.

तिसरी, काही पिक्सेल फोनमध्ये डेव्हलपर ऑप्शनमधून १६ केबीवर बूट करता येतं. रोजच्या फोनवर हे करू नका. त्यासाठी बूटलोडर अनलॉक करावा लागतो आणि फोनमधला सगळा डेटा पुसला जातो.

चौथी, तुमच्या घरच्या धंद्याचं काम एखाद्या जुन्या ॲपवर चालत असेल, तर ते शेवटचं अपडेट कधी झालं ते प्ले स्टोअरवर आज बघा. दोन-तीन वर्षं अपडेट नसेल तर ॲप करणाऱ्याला फोन लावा आणि डेटा बाहेर काढून ठेवा. सीझन सुरू व्हायच्या आधी.

आणि तुम्ही स्वतः ॲप करत असाल, तर कोडमध्ये कुठे ४०९६ लिहिलंय का ते शोधा. सापडलं, तर स्वतःला विचारा, हे मला कुणी सांगितलं होतं, की नुसतं आजवर चालत आलं?

मामाला मी एवढं काही सांगितलं नाही. नवी पावती काढून दाखवली. त्याने ती उजेडात धरून नीट वाचली आणि म्हणाला, “हमाली खाली सरकव जरा, बेरजेच्या बरोबर वर पायजे.”

अलाइनमेंट त्यालाही कळते.